डेकची उत्तरपूजा

डेक हे पुस्तक आहे की स्कूटर, हा प्रश्न आमच्या सोसायटीला पडला तो ऐन दसऱ्याच्या दुपारी, श्रीखंड-पुरी खाऊन सगळे जड झालेले असताना. एरवी आमच्या बिल्डिंगला पडणारे प्रश्न साधे असतात. पाणी का आलं नाही, तळोज्याकडून आज येतोय तो वास कसला आहे, जिन्यातला दिवा कोणी काढून नेला. या प्रश्नांची उत्तरं कोणाला नकोच असतात, नुसती चर्चा हवी असते. हा प्रश्न तसा नव्हता. त्याचं उत्तर संध्याकाळच्या आत हवं होतं, आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये ते फक्त मला हवं होतं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माझा इंद्रजीतमामा जहाजावर जाणार होता. मामा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. तो येतो तेव्हा आईसाठी साबण आणतो, जे ती साड्यांच्या कपाटात ठेवते. बाबांसाठी दाढीचं यंत्र आणतो, जे बाबा 'चांगलं आहे' म्हणून वापरत नाहीत. आणि माझ्यासाठी कॅसेट आणतो. गेल्या दोन्ही खेपांना त्याने रेगेच्या कॅसेट आणल्या. रेगे हे संगीत आहे आणि ते जमैका नावाच्या बेटावर तयार होतं. हे मी इथे एकदाच स्पष्ट करून टाकते, कारण गिरगावातल्या रेग्यांशी त्याचं काय नातं, हे सगळ्या मजल्यांनी मला विचारून झालेलं आहे.

रेगेची गंमत अशी, की एक-दोन-तीन-चारमध्ये आपण जिथे टाळी देतो तिथे हे लोक गप्प बसतात, आणि आपण श्वास घेतो तिथे वाजवतात. पहिल्यांदा ऐकताना जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं होतं. चार दिवसांनी आपण मुद्दाम ती पायरी चुकवायला लागतो. जुनं रेगे खरखरतं आणि त्यातलं बेस गिटार वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवत असल्यासारखं वाजतं. नवं रेगे मशीनवर केलेलं असतं, आणि त्यातला गाणारा गात नाही, एसटीचा कंडक्टर थांबे सांगतो तसं भराभरा बोलतो. मला दोन्ही आवडतात. मामाला जुनंच आवडतं. यावरून आमच्यात बरेच वाद झाले, आणि एकदा कर्नाळ्याला पक्षी बघायला गेलो असताना ते इतके वाढले की एकही पक्षी दिसला नाही.

त्याच दिवशी मामा मला म्हणाला होता, "गाणी कोणाकडेही असतात गं. कशानंतर काय लावायचं हे ज्याला कळतं तो डीजे."

झालं. घरी येईपर्यंत मी डीजे झालेली होते. केबलवर परदेशी गाण्यांचं चॅनल नुकतंच आलं होतं, त्यामुळे डीजे म्हणजे कोण हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्या ओळखीचं कोणी डीजे नाही हेही माहीत होतं. मी दुसरी त्रुटी दूर केली. खालच्या मजल्यावरच्या दिपिकाला सांगितलं की दसऱ्याच्या स्नेहसंमेलनात मी जुन्या आणि नव्या रेगेची निवड सादर करणार आहे. दिपिकाला एखादी गोष्ट सांगितली की ती शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखीच असते. आता माघार नव्हती. शिवाय मामाला दाखवून द्यायचं होतं की जुन्याच्या शेजारी नवं नीट बसवता येतं. ते ऐकून समजेल असा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये तो एकटा, आणि तो पुढचे कित्येक महिने समुद्रावर असणार.

निवड कॅसेटवर उतरवायला दिपिकाचा टू-इन-वन वर आणला आणि आमच्या टू-इन-वनसमोर ठेवला, मुलगी बघायच्या कार्यक्रमात दोघांना समोरासमोर बसवतात तसा. एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकून लक्षात ठेवायचं. त्या वेळात घरात कोणी बोलायचं नाही, असा हुकूम मी काढला. बाबा पाळत होते. शिंक आली तेव्हा ते बाल्कनीत गेले. पण एक जुनं गाणं संपून नवं सुरू व्हायच्या आधी मी जी सुंदर शांत जागा ठेवली होती, बरोबर त्या जागी आमच्या कुकरने शिट्टी दिली, आणि पाठोपाठ आंघोळीला गेलेली आई आतूनच ओरडली, "आभा, गॅस बंद कर."

दिपिका म्हणाली पुन्हा कर. मी म्हटलं, ही माझी सगळ्यात चांगली जागा साधलीय, पुन्हा अशी साधायची नाही. लाऊडस्पीकरच्या भोंग्यातून कोणाला काय कळणार आहे? हे वाक्य मी तेव्हा सहज बोलून गेले.

त्यानंतर सल्ले आले. बाबांचं म्हणणं पडलं की लोकांना सवय होईपर्यंत मध्ये मध्ये एकेक भावगीत टाकावं. तळमजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, गाण्याआधी त्याचा मराठीत सारांश सांगावा. आईने एवढंच विचारलं की त्यातलं एखादं लवकर संपणारं आहे का. आमचे सेक्रेटरी तेलवणेकाका सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांना सल्ला देता येत नाही, ते मंजुरी देतात. त्यांनी स्वतःचं भाषण आणि अंताक्षरी यांच्यामध्ये मला जागा दिली आणि नोटीस बोर्डावर लिहिलं: 'पाश्चात्य संगीत (शैक्षणिक)'.

लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी काकांबरोबर मीही पोलीस चौकीत गेले. गाण्यांत आक्षेपार्ह काही नाही ना, हे हवालदारांना बघायचं होतं. मी कॅसेटचं वेष्टन पुढे केलं. त्यावर पाठीवर जटा सोडलेला, डोळे मिटून गाणारा एक माणूस होता. हवालदारांनी आदराने विचारलं, हे महाराज कुठले. तेलवणेकाका म्हणाले, वेस्ट इंडीजचे. मग हवालदारांनी ते पुन्हा नीट न्याहाळलं आणि विचारलं, "फास्ट का स्पिन?"

काका खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "चौकशी करून कळवतो." परवानगी मिळाली.

इथपर्यंत सगळं माझ्या प्रतिष्ठेला शोभेल असं चाललं होतं. दसऱ्याच्या सकाळी कमळाकरशेट टेम्पोतून मशीन घेऊन आले आणि सूत्रं माझ्या हातून निसटली.

कमळाकरशेटचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. पनवेलपासून उरणपर्यंत हळद असो, साखरपुडा असो, भोंगा त्यांचा. आमची बिल्डिंग उभी आहे ती जागाही मूळची त्यांचीच, त्यामुळे आमच्याकडे ते पाहुण्यासारखे येत नाहीत, मालकासारखे येतात. "तुमचा हा जिना हाय ना, तितं आमचं भाताचं खाचर व्हतं," असं ते दर खेपेला सांगतात, आणि मग आपण भातावर पाय दिल्यासारखं वाटून सगळे जिन्यातून जरा हळू चालतात. त्यांनी कॅसेट वाजवायचा डेक खाली ठेवला, माझी कॅसेट घालून थोडी वाजवून बघितली आणि कान देऊन ऐकलं.

"आमच्या हळदीच्या गान्यावानीच हाय," ते म्हणाले. "फकस्त वाजवनारा जेवून बसलाय."

मी म्हटलं ती त्याची शैली आहे. ते म्हणाले असंल. मग त्यांनी मला कुठलं बटण कशाचं ते दाखवलं आणि निघता निघता अट घातली. आज हत्यारांची पूजा. त्यांना अजून बऱ्याच ठिकाणी जायचं होतं, तेव्हा या डेकची पूजा आम्हीच करून घ्यायची. "पूजा केल्याबिगर आमचं मशीन आज वाजत नाय," असं म्हणून ते गेले.

पूजा म्हटल्यावर दमयंतीकाकू. दुसऱ्या मजल्यावरच्या दमयंतीकाकूंचा शब्द धार्मिक बाबतीत आमच्याकडे शेवटचा असतो. एकादशीला काय चालतं हे विचारायला पलीकडच्या सेक्टरमधून लोक येतात. दसऱ्याला बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांची पुस्तकं त्यांच्याच हॉलमध्ये चौरंगावर मांडली जातात आणि पाटीवर सरस्वती काढून त्यांची एकत्र पूजा होते. मी दहावीत असल्याने माझं भूमितीचं पुस्तक मी अगदी तळाला ठेवलं होतं. बाबांनी दाराशीच विचारलं होतं, आज सुट्टी आहे तर दोन प्रमेयं होऊन जातील का. मी त्यांना शांतपणे समजावलं होतं की पूजेला मांडलेलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत हलवता येत नाही, सरस्वती कोपते, काकूंना विचारा. काकू म्हणाल्या, पोर बरोबर बोलतेय. बाबा परत फिरले. मला वाटतं, माझ्या आयुष्यात धर्माने मला इतकी साथ कधीच दिली नव्हती.

त्याच चौरंगावर, पुस्तकांच्या शेजारी, काकूंनी डेक ठेवला. आतल्या कॅसेटलाही आशीर्वाद मिळावा म्हणून मी डेकचं झाकण उघडं ठेवलं. काकूंनी डेकला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

दुपारी मी डेक न्यायला गेले तेव्हा काकू माळेतली फुलं सारखी करत होत्या.

"उद्या ने," त्या म्हणाल्या.

मला आधी तो विनोद वाटला. काकूंनी मग मला तेच वाक्य ऐकवलं जे मी सकाळी बाबांना ऐकवलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत, फक्त सरस्वतीच्या आधी 'साक्षात' घालून.

मी खाली धावले. तेलवणेकाकांनी तातडीची सभा बोलावली आणि ती जागेअभावी काकूंच्याच हॉलमध्ये, चौरंगाभोवती भरली. बाबा आले, आई आली, मामा बाजारातून हवाबंद डबे घेऊन आला आणि श्रीखंडाची वाटी घेऊन कोपऱ्यात बसला. त्याला मत विचारलं तर म्हणाला, मी पाहुणा. दाराबाहेर सगळी पोरं उभी होती. दिपिका सर्वांत पुढे.

मी माझी बाजू मांडली. बाबांनी सकाळी स्कूटरची पूजा केली, तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि लगेच त्याच स्कूटरवरून जाऊन श्रीखंड आणलं. ते श्रीखंड आपण सगळ्यांनी खाल्लं. कोणी कोपलं नाही. डेक हे यंत्र आहे. त्याला मोटर आहे, चाकं आहेत. डेक स्कूटर आहे.

सभेत हे पटल्यासारखं दिसलं. एक-दोघांनी ओठावरचं श्रीखंड पुसलं.

काकू म्हणाल्या, स्कूटर हे वाहन आहे, वाहनाची पूजा ते चालावं म्हणून करतात. पुस्तक ही विद्या, तिला वर्षातून एक दिवस विसावा. आता हा डेक आपल्याला कुठे घेऊन जातो का, नाही. मग वाहन कसं?

तेलवणेकाकांनी सुचवलं की याआधी असा प्रसंग उद्भवला होता का, ते जुन्या सेक्रेटरींना विचारून घ्यावं, आणि तोवर एक उपसमिती नेमावी. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, वाद्यांचंही बघावं लागेल, तबला दसऱ्याला वाजवतात का? यावर बराच वेळ गेला. मध्येच कोणीतरी शिवणयंत्राचा विषय काढला आणि सभा दोन्ही बाजूंनी फुटली.

एवढ्यात कमळाकरशेट दुसरीकडचे भोंगे लावून परत आले. त्यांनी दारातून मान आत घातली, विषय समजून घेतला, आणि ते हसायला लागले. "काकू, आमी ट्रॅक्टरची पूजा करतो. मग ट्रॅक्टर काय घरी बसतो? पूजा कराची कशाला, चालावा म्हनूनच ना?"

"ट्रॅक्टर गातो का कमळाकर?" काकू म्हणाल्या.

कमळाकरशेट विचारात पडले. "आमचा जुना गायचा," ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

"हा गातो. गाणं आलं तिथे सरस्वती आली. पुस्तकासारखाच आहे तो." मग माझ्याकडे वळून त्या बऱ्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "उद्या वाजव की गं. गाणी कुठे पळून जातायत का?"

"गाणी नाही," मी म्हटलं. "मामा जातोय."

हे मी ठरवून बोलले नव्हते. माझ्याकडे वाद्यांबद्दल एक चांगला मुद्दा तयार होता. पण सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. मामाने वाटी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली, कारण ती रिकामी आहे हे त्याला उशिरा समजलं.

काकूंचा मुलगा परदेशात असतो. तो हल्ली येत नाही, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. काकूंनी मामाला, उद्या किती वाजता निघणार, डबा काय देणार, एवढंच विचारलं. मग पदर खोचून उठल्या. "उत्तरपूजा आत्ता करता येईल," त्या म्हणाल्या. "देवाला अडचण सांगितली की तो ऐकतो. पण चौरंग एक, पूजा एक. उठली तर सगळी उठेल."

मला वाटलं, उठू दे की. मग बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. दिवसभरात पहिल्यांदाच तो उजळला होता.

"म्हणजे पुस्तकंसुद्धा मोकळी?" त्यांनी विचारलं. इतक्या गोड आवाजात बाबा फक्त बँकेतल्या साहेबांशी बोलतात.

"सगळी," काकू म्हणाल्या.

आजूबाजूच्या आईबापांमध्ये एक समाधानाची लाट फिरली. दाराबाहेर मात्र काहीच हललं नाही. तिथे आमच्या बिल्डिंगची अख्खी पुढची पिढी उभी होती, वर्षातल्या अभ्यास न करण्याच्या एकमेव कायदेशीर दिवसासकट, आणि तो दिवस आता माझ्या हातात होता. चौथीतली पोरंसुद्धा माझ्याकडे अशी बघत होती, जशी मोठी माणसं वीज मंडळाच्या माणसाकडे बघतात.

"आभा," दिपिका हळूच म्हणाली, "नीट विचार कर."

मी केला. एका बाजूला सगळी मैत्री, शाळेतली इज्जत, आणि भूमिती. दुसऱ्या बाजूला मामा, आणि कशानंतर काय लावायचं हे.

"काकू," मी म्हटलं, "करा उत्तरपूजा."

उत्तरपूजा म्हणजे अक्षता वाहून सगळं किंचित हलवायचं, की देव उठले. काकूंनी हात सढळ ठेवला. त्यांना वाटलं असावं, नियम थोडा वाकवतोय तर अक्षता जरा जास्त असाव्यात. ओल्या कुंकवातल्या लाल अक्षता पुस्तकांवर पडल्या, पाटीवर पडल्या, माझ्या केसांत पडल्या, आणि डेकवर पडल्या. काकूंनी डेक बोटभर सरकवला. मी झाकण लावलं आणि तो उचलून खाली पळाले. मागे बाबा चौरंगाच्या तळातून भूमिती काढत होते.

संध्याकाळी मैदानात सतरंज्या पसरल्या, आपट्याच्या पानांचा ढीग एका टेबलावर ठेवला, आणि तेलवणेकाकांनी भाषण केलं. त्यात रेगे हा शब्द एकदा आला आणि काकांनी तो सावधपणे ओलांडला. मग मी उभी राहिले. समोरच्या दोन रांगांत पोरं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर उघडं पुस्तक. पहिल्या खुर्चीवर मामा. शेजारी आई, आणि तिच्या शेजारी बाबा, हातात भूमिती घेऊन, मला आठवण राहावी म्हणून. मी बटण दाबलं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, व्होल्टेज कमी आहे. गाणारा नुकताच झोपेतून उठल्यासारखा गात होता. कपाट सरकवल्यासारखा बेस आता बिल्डिंग सरकवत होता. मी मैदानातल्या दिव्यांकडे पाहिलं, ते झक्क पेटलेले होते. मग डेकच्या छोट्या काचेतून आत पाहिलं. फीत ओढणाऱ्या रबरी चाकाच्या कडेला एक लाल अक्षत अडकून बसली होती. चाक तिला रेटत होतं, ती चाकाला. दोघंही हट्टाला पेटलेली.

मी थांबवू शकले असते. पण थांबवलं असतं तर काकू म्हणाल्या असत्या की मी सांगत नव्हते का, आणि तेलवणेकाकांनी अंताक्षरी सुरू केली असती. ते आधीच घसा साफ करत होते. मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले, सगळं असंच असतं अशा चेहऱ्याने.

आणि कोणालाच काही वाटलं नाही. हे मला आजही पचत नाही. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, शब्द अगदी स्पष्ट कळतात. त्यांना एकही शब्द कळत नव्हता. काकूंनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांना आपल्या लहानपणीच्या एका गवयाची आठवण झाली, जो एका आलापात जेवणाची वेळ गाठायचा. कमळाकरशेट शेजारच्याला सांगत होते की सकाळी आपण ऐकलं तेव्हा हा जेवून बसला होता, आता आडवा झाला. सर्वांत वाईट म्हणजे, नव्या रेगेतला भराभर बोलणारा माणूस आता प्रवचनकारासारखा एकेक शब्द तोलून बोलायला लागला. जुनं कुठे संपतंय आणि नवं कुठे सुरू होतंय, हे मलासुद्धा कळेना. ज्या एका गोष्टीसाठी मी एवढा घाट घातला होता ती गोष्ट एका तांदळाने खाल्ली. दिपिकाने पुस्तकावरून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. ती समाधानाने परत वाचायला लागली.

मामा मात्र हलला नव्हता. मान किंचित तिरकी करून, कपाळाला आठी घालून तो ऐकत होता. मला वाटलं तो माझी कीव करतोय. त्यापेक्षा त्याने झोपावं, अशी मी प्रार्थना केली.

मग ती शांत जागा आली. जुनं गाणं विरत गेलं, क्षणभर काही नाही, आणि भोंग्यातून एक लांबच लांब, खोल, घोगरा आवाज निघाला. तो मैदान ओलांडून रस्त्यापलीकडे गेला. झाडावरचे कावळे उडाले. मामा खुर्चीतून ताडकन उभा राहिला. बंदरातून जहाज निघताना भोंगा देतं, अगदी तसा तो आवाज होता. पाठोपाठ एका अतिशय जाड्या, दमलेल्या पुरुषाने पाताळातून काहीतरी सांगितलं, आणि नवं गाणं सुरू झालं. मामा हळूच खाली बसला. मग शेवटपर्यंत त्याने पायाने ठेका धरला होता, आणि तो ठेका बरोबर चुकत होता.

अंताक्षरी सुरू झाल्यावर तो टेबलापाशी आला. माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

"डीजे," तो म्हणाला, "तो भोंगा कुठल्या गाण्यातला? असलं रेगे मी कुठल्याच बंदरात ऐकलेलं नाही. आणि नंतर तो बोलला कोण?"

माझ्यापुढे बरीच उत्तरं होती. खरं सांगायचं तर अक्षतेपासून सुरुवात करावी लागली असती, आणि काकू ऐकण्याच्या अंतरावर होत्या. मी म्हटलं, ते नवं आहे.

"जुन्या-नव्याच्या मध्ये बरोब्बर बसवलंयस," मामा म्हणाला. "नवं मला आवडेल असं वाटलं नव्हतं. ही कॅसेट मी नेऊ?"

मी कॅसेट काढली, उलटी करून टेबलावर आपटली, आणि त्याला दिली. अक्षत डेकमध्येच राहिली. ती कमळाकरशेटनी नंतर काढली आणि टाकून न देता खिशात ठेवली, प्रसादाची म्हणून. आई म्हणाली, सगळं चांगलं झालं, फक्त मध्ये तो एक जण बोलला तो फार थकलेला वाटला, त्याला कोणी विश्रांती देत नाही का. मग बाबांनी माझ्या हातात भूमिती ठेवली. अंताक्षरी 'म'वर अडकली होती तोपर्यंत माझं एक प्रमेय झालं. पोरं माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाहीत. फटाके वाटून घ्यायचे होते म्हणून बोलली.

मामा सकाळीच गेला. त्यानंतर त्याची काही खबर नव्हती. आमच्या घरी फोन नाही, तो तेलवणेकाकांकडे आहे, आणि आमचे निरोप तेच घेऊन येतात, कार्यालयीन भाषेत. दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी ते बनियनवरच वर आले, चेहरा गंभीर.

"अविनाशराव, तुमच्या मेहुण्यांचा फोन होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरून. तुम्हाला बोलवेपर्यंत लाइन तुटली." त्यांनी बनियन सारखं केलं. "प्रकृती ठीक असावी. खूप हसत होते. निरोप एवढाच दिला, आणि दोनदा म्हणवून घेतला: ताईला सांगा, गॅस बंद केला."

बाबांनी पेपर खाली केला. मी भूमिती वर केली.

"आता हे जर काही सांकेतिक असेल," तेलवणेकाका म्हणाले, "तर माझ्या फोनवरून नको, एवढीच विनंती. मी नोकरीतला माणूस आहे."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. शेगडीचं बटण तपासल्याचा आवाज आला, मग खालच्या सिलिंडरचाही.

"बंदच आहे," ती आतून म्हणाली. "पण त्याला तिकडे कसं कळलं?"